पेशवाईतल्या कुणबिणी

अठराव्या शतकातल्या पुण्यात माणसांची खरेदी-विक्री उघडपणे चाले. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांचे तांडे राबत, तसे चित्र इथे नव्हते. इथली गुलामी घराघरांत आणि सरकारी खात्यांत विखुरलेली होती. तिच्यात बायकांचा भरणा मोठा होता. अशा बाईला कुणबीण किंवा बटीक म्हणत.

कुणबिणी येत कुठून? काही लढाईत धरून आणलेल्या असत. काही मुलींना दुष्काळात आईबापांनीच विकलेले असे, तर काही कुणबिणीच्याच पोटी जन्मत. यापेक्षा वेगळी वाट खुद्द सरकारने काढलेली होती. व्यभिचाराचा, तेव्हाच्या भाषेत सिंदळकीचा, आरोप लागू झाला की पुरुषाला बहुधा दंड होई. बाई मात्र सरकारजमा होऊन कुणबीण बनू शकत असे. ब्राह्मण स्त्रीच्या वाट्याला सहसा कैद किंवा बहिष्कार येई, गुलामीची शिक्षा मुख्यतः इतर जातींच्या बायकांना. म्हणजे शिक्षेतूनच सरकारला फुकटचे कामकरी हात मिळत.

हे हात कोठीवर, पागेत, दारूखान्यात आणि किल्ल्यांवर लागत. दळण, कांडण, पाणी भरणे, शेणगोठा अशी कामे अंगावर पडत आणि मोबदला म्हणून पोटाला धान्य व नेसायला वस्त्र मिळे. एका ठिकाणी गरज संपली की बाईची दुसरीकडे रवानगी होई. मर्जीतल्या माणसाला कुणबीण बक्षीसही दिली जाई. पळून गेलेलीला शोधून मालकाच्या हवाली करण्यात सरकार स्वतः लक्ष घाली.

तिच्या शरीरावरचा हक्क श्रमापुरता नव्हता. मालकाने शरीरसंबंध ठेवला तर तिला नकाराचा अधिकार नसे आणि तो गुन्हाही मानला जात नसे. त्याच समाजात मर्जीने ठेवलेल्या संबंधाबद्दल बाईला गुलाम करत, ही विसंगती कोणाला खटकलेली दिसत नाही. कुणबिणीचे मूल मालकाच्या मालमत्तेत धरले जाई. मालकापासून झालेल्या मुलाला लेकावळा म्हणत. औरस मुलांच्या बरोबरीचा मान त्याला नसे. सोवळ्याच्या घरात बाईची जात फार पाहिली जाई, कारण तिचे हात पाण्याला आणि धान्याला लागणार असत. अस्पृश्य मानलेल्या जातीतली बाई नजरचुकीने घरात आली, तर प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राही. तिच्या अंगमेहनतीचा विटाळ कधी नव्हता, जन्माचा होता.

सुटकेच्या वाटा होत्या, पण अरुंद. रोख रक्कम भरून किंवा बदली कुणबीण देऊन सुटता येई. म्हातारपणी काम होईनासे झाल्यावरही काहींना सोडल्याचे दाखले आहेत. या दयेत पोसण्याचा खर्च वाचवण्याचा हिशेबही असावा.

१८१८ मध्ये पेशवाई संपली तरी ही प्रथा लगेच गेली नाही. ब्रिटिश प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८४१ च्या आपल्या भारताच्या इतिहासात घरगुती गुलामांना नोकरांसारखेच वागवतात, असे लिहिले. मालकाच्या ओसरीवरून पाहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक होते. ब्रिटिश सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने माणसावरचा मालकीहक्क कोर्टात चालेनासा झाला. गुलाम विकत घेणे वा विकणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने, आणि ती अमलात आली १८६२ मध्ये. तोवर आश्रयाला दुसरे घर नसलेल्या कित्येक बायका होत्या तिथेच मोलकरणी म्हणून राबत राहिल्या असणार.