बिटटॉरेंट

बिटटॉरेंट ही इंटरनेटवर मोठ्या फाइलींची देवाणघेवाण करण्याची पीअर-टू-पीअर पद्धती आहे. म्हणजे तीत फाइल मध्यवर्ती सर्व्हरवरून न येता वापरकर्त्यांच्या संगणकांमधून परस्पर येते. अमेरिकन प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी ती २००१ साली तयार केली. या पद्धतीत फाइल घेणारा संगणक घेता घेताच ती इतरांना देऊही लागतो. सॉफ्टवेअर निवडताना व वापरताना घ्यावयाची बहुतेक खबरदारी या एका वैशिष्ट्यातून उद्भवते.

कार्यपद्धती

एकाच सर्व्हरवरून फाइल घेणाऱ्यांची गर्दी झाली की वेग मंदावतो. बिटटॉरेंटमध्ये बहुधा याच्या उलट घडते. फाइलीचे अनेक लहान तुकडे केलेले असतात. ज्याच्याकडे जो तुकडा पोहोचला, तो त्याने पुढे द्यायचा. सर्वांत दुर्मीळ तुकडा आधी मिळवण्याकडे सॉफ्टवेअरचा कल असतो, त्यामुळे मूळ दाता निघून गेला तरी फाइल पूर्ण होण्याची शक्यता टिकते. देणाऱ्याला अग्रक्रमाने द्यायचे, ही परतफेडीची रीतही पद्धतीतच अंतर्भूत आहे; शेतीतील इर्जिकीशी तिचे नाते जोडता येईल. संपूर्ण फाइल जवळ बाळगून ती देत राहणाऱ्यास ‘सीडर’ म्हणतात. सीडर उरले नाहीत, तर डाउनलोड ९८ टक्क्यांवर येऊन दिवसचे दिवस अडकते. तो सॉफ्टवेअरचा दोष नव्हे.

आलेला प्रत्येक तुकडा ‘हॅश’ या गणिती खुणेशी ताडून पाहिला जातो. मात्र या पडताळणीने फाइल मूळ प्रतीबरहुकूम आहे एवढेच सिद्ध होते. मूळ प्रतीतच व्हायरस असेल, तर तोही बिनचूक पोहोचतो.

सॉफ्टवेअरची निवड

क्यूबिटटॉरेंट, ट्रान्समिशन आणि डेल्यूज ही मुक्तस्रोत, विनामूल्य व जाहिरातविरहित सॉफ्टवेअर आहेत. नवख्याने क्यूबिटटॉरेंटपासून आरंभ करणे सोयीचे; ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. म्यूटोरेंट (२००५) आटोपशीर आकारामुळे लोकप्रिय झाले, पण पुढे त्यात जाहिराती आल्या. त्याच्याबरोबर आभासी चलनाचे गणन करणारे ‘एपिक स्केल’ हे सॉफ्टवेअर नकळत संगणकात शिरल्याच्या तक्रारी २०१५ साली झाल्या. संमतीवाचून असे होत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

मुक्तस्रोत असणे हीही पुरेशी हमी नव्हे. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशनच्या अधिकृत संकेतस्थळावरील मॅकसाठीच्या २.९० या आवृत्तीत ‘कीरेंजर’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर घुसवले गेले होते. म्हणून सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे आणि निर्मात्यांनी चेकसम प्रसिद्ध केला असल्यास तो ताडून पाहावा.

वापर

अपलोडचा वेग अमर्याद ठेवल्यास घरातील सारे इंटरनेट संथ होते, कारण डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच वाटेने जातात. उपलब्ध अपलोड वेगाच्या सुमारे तीन-चतुर्थांशावर मर्यादा घालणे इष्ट. मोबाइलच्या मर्यादित डेटावर अपलोडचाही हिशेब होतो, हे सहसा लक्षात येत नाही.

देवाणघेवाणीतील प्रत्येकाचा आयपी पत्ता इतर सहभागींना दिसतो. ‘मी फक्त घेतले’ हा बचावही येथे लंगडा पडतो, कारण घेणारा वितरकही ठरतो. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

पद्धती स्वतः मात्र बेकायदेशीर नाही. उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्स प्रणाली अधिकृतपणे टॉरेंटद्वारे मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह २०१२ पासून आपल्या संग्रहातील साहित्य याही मार्गाने देते. तेथे जुनी मराठी पुस्तकेही आहेत. त्यांतील कोणते मुक्त झाले, हे वाचकाने स्वतः पाहावे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा कॉपीराइट भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांची अशी पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुली आहेत.