गावाचा हरवलेला अनुस्वार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. शेजारच्या बाई हातात चार फुलस्केप कागद घेऊन आल्या. बाई माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही बँकेत जन्मभर लोकांच्या तक्रारी वाचल्यात. हे पत्र फार कडक झालंय का, तेवढं बघा."

पत्र एका जुन्या ग्रंथालयाला लिहिलेले होते. या ग्रंथालयाने आपल्याकडची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची मासिके संगणकावर आणली आणि ती घरबसल्या कुणालाही वाचता येतील अशी सोय केली. आता त्या संग्रहाला नवे रूप मिळाले होते आणि वाचकांनी अभिप्राय कळवावा, असे आवाहन होते. असल्या आवाहनाला आपण 'छान' एवढे लिहून मोकळे होतो. बाईंनी मात्र वार्षिक परीक्षेचा पेपर तपासावा तसा तो संग्रह तपासला होता.

पहिले पान कौतुकाचे. पाने स्वच्छ दिसतात, अक्षर मोठे करता येते, हात लावला तर तुकडे पडतील असा कागद आता मुलेसुद्धा निर्धास्त उलटू शकतात. जिथे गुण द्यायचे तिथे बाईंनी हात आखडला नव्हता. तक्रार दुसऱ्या पानापासून सुरू होत होती.

नववीच्या वर्गाला त्यांनी प्रकल्प दिला होता, 'जुन्या मासिकांतला माझा गाव'. वर्गात एक मुलगी रोज एसटीने येते. तिच्या गावाच्या नावाच्या शेवटी 'गाव' आहे. तिने आईच्या मोबाइलवर ते नाव टाकले. उत्तर आले, एकही नोंद नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, आमच्या गावाबद्दल कुणी काही लिहिलंच नाही."

बाईंनी तेच नाव पुन्हा टाकले, पण 'गांव' असे, अनुस्वार देऊन. तीन नोंदी निघाल्या.

आपल्या पिढीला यातली मेख चटकन कळेल. नांव, गांव, पांच, कांहीं असे अनुस्वार पूर्वी लिहीत असत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. 'कवि'चा 'कवी' झाला, 'पद्धति'ची 'पद्धती' झाली. लिहिणे सोपे झाले, हे चांगलेच झाले. पण त्याआधीचे सारे छापील मराठी जुन्या वेषातच राहिले. माणूस 'गांव' वाचतो आणि गाव समजतो. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही रूपे एकच धरावीत, असे त्याला कुणीतरी सांगावे लागते. नव्या रचनेत ते सांगायचे राहून गेले होते.

बाईंचा दुसरा मुद्दा वाचून मला हसू आले. एका मासिकाच्या अंकापुढे साल होते १८३१. मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी काढले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. म्हणजे हे मासिक त्याच्याही आधीचे! खरा प्रकार असा, की अंकावर 'शके १८३१' छापले होते. त्यात ७८ मिळवले की १९०९ येते. 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, ते हे वर्ष. नोंद करणाऱ्याने शके गाळले आणि अंक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारा झाला.

तिसरा मुद्दा टोपणनावांचा. राम गणेश गडकरी कवितेखाली 'गोविंदाग्रज' लिहीत आणि विनोदी लेखाखाली 'बाळकराम'. पूर्वी ग्रंथालयाच्या लाकडी खणांत कार्डे असत. 'बाळकराम' काढले, की त्यावर 'गडकरी पाहा' असे लिहिलेले असे. त्या एका 'पाहा'मागे एखाद्या ग्रंथपालाचे आयुष्यभराचे वाचन असे. संगणकाच्या नव्या कपाटात ही कार्डे आलीच नव्हती.

चौथ्या मुद्द्यापाशी मी थांबलो. बाईंनी दहा वर्षे जपलेल्या वहीत प्रत्येक लेखाचा संग्रहातला पत्ता टिपलेला होता. नव्या रचनेत सगळे पत्ते बदलले आणि वही निकामी झाली. दोन हजार सालानंतर आमच्या बँकेच्या सर्व शाखा एका संगणकजाळ्यात आल्या, तेव्हा खात्यांचे क्रमांकही असेच बदलले होते. म्हातारी माणसे जुने पासबुक घेऊन येत. आम्ही काउंटरवर एक जाडजूड तक्ता ठेवला होता, डावीकडे जुना क्रमांक, उजवीकडे नवा. पाच-सहा वर्षे तो तक्ता रोज उघडला जाई. बाई त्या ग्रंथालयाकडे असाच एक तक्ता मागत होत्या.

शिवाय दोन पानांच्या लेखासाठी वर्षभराचा अख्खा खंड उतरवून घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात त्या मुलीच्या आईच्या फोनमधला दिवसाचा डेटा संपतो, हेही त्यांनी लिहिले होते. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आजच्या वाचकाचा डेटाही त्यातच धरायला हवा.

पत्र वाचून झाल्यावर मी म्हटले, "कडक अजिबात नाही. फक्त ती मुलगी दुसऱ्या पानावर आहे, तिला पहिल्या पानावर आणा."

"का हो?"

"अनुस्वार राहिला, असं लिहिलंत तर ते म्हणतील, बघू सवडीनं. पण एक मुलगी आपल्या गावाला इतिहासच नाही असं समजून घरी गेली, हे वाचल्यावर सवड काढावी लागते."

कारण खरी हानी तीच आहे. ग्रंथालयाच्या बंद दाराला कुलूप तरी दिसते. इथे दार उघडे असते, आत मासिक असते, मासिकात गाव असतो आणि पाटीवर मात्र 'एकही नोंद नाही' असे लिहिलेले असते. चौदा वर्षांचे मूल त्यावर विश्वास ठेवते. ज्यांना जुने लेखन ठाऊक आहे अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती आहेत तोवरच हे दुरुस्त झालेले बरे.

बाईंनी पहिले पान पुन्हा लिहिले आणि पत्र पाठवले. 'आपला अभिप्राय मिळाला' असे छापील उत्तर आले. महिनाभराने तिथल्या एका तरुणाचा फोन आला. त्याला शकाचा हिशोब समजून घ्यायचा होता. बाई पाऊण तास बोलत होत्या. अनुस्वाराचे काम हाती घेतले आहे, असे तो म्हणाला. बाकीचे अजून व्हायचे आहे.

त्या मुलीचा प्रकल्प मात्र पूर्ण झाला. तिने तो जुना मजकूर सगळ्या अनुस्वारांसकट वहीत उतरवून काढला आणि घरी आजीला वाचून दाखवला. त्यात गावच्या आठवडी बाजाराचे वर्णन होते आणि पायऱ्यांच्या एका विहिरीचे. आजीने विहीर ओळखली. ती कुठे होती, ते दाखवायला आजी दुसऱ्या दिवशी काठी घेऊन नातीबरोबर निघाली.