मेहकरच्या खाली : पैनगंगेवरील नौकाप्रवासाचे नियोजन

दुर्गम प्रदेशातून नदीने करावयाच्या प्रवासाचे नियोजन मुख्यतः दोन जागांभोवती फिरते : नाव पाण्यात उतरवण्याची जागा आणि ती पाण्याबाहेर काढण्याची जागा. मधला पल्ला कितीही रम्य असला, तरी पहिली जागा चुकल्यास प्रवास सुरूच होत नाही आणि दुसरी चुकल्यास तो संपता संपत नाही. या प्रवासासाठी जगभर वापरली जाणारी नाव म्हणजे कॅनो, अर्थात वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने हाकली जाणारी हलकी होडी. ती दोघांना उचलता येते, हाच तिचा सर्वांत मोठा गुण होय, कारण पाणी संपले किंवा वाट अडली की ती सामानासह काठाने वाहून पुढे नेता येते. कॅनडातील अल्गॉन्क्विन या १८९३ साली स्थापन झालेल्या उद्यानात अशा प्रवासासाठी प्रवेशस्थानांना क्रमांक दिलेले आहेत आणि नाव वाहून नेण्याच्या पायवाटांवर पाट्याही लावलेल्या आहेत. महाराष्ट्रात अशी सोय नाही. कोलाडजवळच्या कुंडलिकेवर तराफ्यांचा व्यवसाय चालतो, तो वीजनिर्मितीनंतर ठरावीक वेळी सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या भरवशावर; उरलेल्या बहुतेक नद्यांवर प्रवेशाची जागा ज्याची त्यानेच शोधावी लागते.

बुलढाणा जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण दोन समुद्रांकडे जाणारे पाणी येथे विभागले जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा या नद्या पूर्णेला मिळतात व तापीमार्गे अरबी समुद्राकडे जातात, तर दक्षिणेस पैनगंगा आणि खडकपूर्णा यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराला मिळते. उत्तरेकडील पूर्णा रुंद असली, तरी तिच्या दोन्ही काठांवरील खारपाण पट्ट्यात विहिरींचे पाणी इतके खारट असते, की प्रवाशाला पिण्याचे सर्व पाणी सोबत वाहावे लागेल. दक्षिणेकडील पैनगंगेचा उगम बुलढाण्याजवळ मढ येथे मानला जातो. तेथून ती मेहकरवरून वाशीम जिल्ह्यात शिरते, पुढे हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमांवरून वाहत तेलंगणाच्या सीमेला लागते आणि शेवटी चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते. तिची एकूण लांबी सुमारे ६७६ किलोमीटर आहे. लांब पल्ला, क्रमाक्रमाने वाढणारे पात्र आणि खालच्या अंगाला जंगल या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत असल्याने नौकाप्रवासासाठी जिल्ह्यातील नद्यांपैकी तिचीच निवड योग्य ठरते.

मात्र उगमापासून प्रवास सुरू करण्याचा मोह आवरला पाहिजे. उगमानंतर थोड्याच अंतरावर असलेल्या येळगाव धरणातून बुलढाणा शहराला पाणीपुरवठा होतो, त्यामुळे तो जलाशय सहलीची जागा नव्हे. शिवाय या धरणाचे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे असल्याने खालच्या पात्रातील पाणी केव्हा वाढेल, हे काठावर उभे राहून सांगता येत नाही. पुढे मेहकर तालुक्यात पेनटाकळीचे धरण आहे. या दोन धरणांमुळे नदीच्या वरच्या भागाचे तुकडे पडले असून पावसाळा सरला की त्यांतील बराच भाग डबक्यांच्या मालिकेसारखा उरतो. म्हणूनच मेहकरच्या खालचा काठ हे कमी परिचित, पण विचारांती निवडावे असे प्रवेशस्थान ठरते. मेहकर हे तालुक्याचे गाव नदीकाठीच असल्यामुळे शिधा, रुग्णालय आणि एस.टी.ची सोय हाताशी राहते, आणि समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून नाव टपावर बांधून दूरवरून येणेही सुकर झाले आहे. ज्यांना रेल्वेनेच यायचे आहे, त्यांना मलकापूर किंवा शेगाव येथे उतरून घाट चढावा लागेल.

या नियोजनातला सर्वांत कठीण भाग पाण्याचा आहे. हिमालयातील नद्यांना वितळत्या बर्फाचा आधार असतो, दख्खनच्या पठारावरील नद्यांना तो नाही; येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच वर्षभराचे बहुतेक पाणी वाहून जाते. बेसाल्टचा खडक आणि काळी चिकण माती पाणी हळूहळू मुरू देतात, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पूर काही तासांत चढतो आणि तितक्याच वेगाने ओसरतो. पूर चढत असताना नदीत उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे, आणि पाणी फार उतरल्यावर उतरणे म्हणजे नाव खडकांवरून ओढत नेणे. सामानाने भरलेल्या कॅनोला तरंगण्यासाठी वीतभर खोली पुरते, पण ती सलग मिळावी लागते. या दोन टोकांमधला काळ साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि पावसाच्या मानाने तो दरवर्षी पुढेमागे सरकतो. रब्बीच्या पेरण्या झाल्या, काठावरचे पंप सुरू झाले, की पाणी पुन्हा झपाट्याने घटू लागते.

धरणाच्या खालील नदीविषयी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. सिंचनासाठी सोडलेले पाणी बहुधा कालव्याने जाते, नदीने नव्हे. त्यामुळे धरण भरलेले आहे या बातमीवरून खालच्या पात्रात पाणी असेल, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पाहायचे असते ते दरवाजांतून किंवा सांडव्यावरून किती विसर्ग चालू आहे हे. वर्तमानपत्रांत धरणातील साठा दशलक्ष घनमीटरमध्ये, म्हणजे दलघमीत दिला जातो, तर विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी गेले या मापात. केंद्रीय जल आयोग हेच माप घनमीटरमध्ये देतो आणि १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट होत. गोदावरी खोऱ्यातील नोंदी सर्वांना पाहता येतात. मागील काही वर्षांचे ऑक्टोबर महिन्यातील आकडे शेजारी शेजारी मांडले, तर कोणत्या पावसानंतर किती दिवस पाणी टिकते, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

त्यानंतर नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार मेहकरचा परिसर ५५ डी या पत्रात येतो आणि २० अंश अक्षांशाच्या दक्षिणेला ५६ ए लागतो. हे नकाशे चढउतार उत्तम दाखवतात, पण नंतर बांधलेले बंधारे आणि पूल त्यांत नसतात. ती उणीव उपग्रहचित्रांनी भरून काढता येते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवी येतात, मात्र त्यांतील एक ठिपका १० मीटरचा असल्याने अरुंद धार त्यांत हरवते. नदीचे अंतर या चित्रांवर वळणावळणाने मोजावे, कारण रस्त्याने जवळ वाटणारी दोन गावे पात्रातून पुष्कळ दूर निघतात. आणि एवढे सगळे केल्यानंतरही निदान पहिल्या दिवसाचा व शेवटच्या दिवसाचा काठ पायी चालून पाहिल्याशिवाय नाव आणू नये.

चालताना जे सर्वांत आधी शोधायचे, ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. नदीत ओळीने दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभारून त्यांच्या खाचांत पावसाळा संपताना लोखंडी बरगे बसवायचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी काढून घ्यायचे, अशी ही रचना असते. ग्रामीण महाराष्ट्राला या बंधाऱ्यांनी मोठा आधार दिला आहे, पण नावेने जाणाऱ्याला ते दोन वेगवेगळ्या रूपांत भेटतात. बरगे काढलेले असताना सगळा प्रवाह खांबांमधल्या फटींतून जोराने ओढला जातो, तेथे झाडांच्या फांद्या अडकलेल्या असतात आणि आडवी गेलेली नाव खांबाला चिकटून दुमडू शकते. बरगे घातलेले असताना वरच्या बाजूला संथ, खोल आणि वल्हवण्यास सुखाचे पाणी मिळते, खालच्या बाजूला मात्र कोरडे पात्र असते किंवा भिंतीवरून कोसळणारी धार. ही धार दिसायला निरुपद्रवी असते आणि तीच अधिक घातक आहे. भिंतीवरून पडलेले पाणी तळाला जाऊन काही अंतरावर वर येते आणि त्यातला काही भाग पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे वळतो, त्यामुळे त्यात सापडलेली व्यक्ती जीवरक्षक जाकीट घातलेले असूनही तेथेच घुसळत राहते. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याच्या बऱ्याच वर काठाला लागून नाव वाहून नेणे, हा नियम अपवादाशिवाय पाळावा लागतो. वाळूउपशामुळे पडलेले खोल खड्डे, पात्रात आडवी लावलेली जाळी, पंपांच्या लोंबत्या तारा आणि वाकलेल्या बाभळी यांचीही नोंद नकाशावर करावी. हे सारे धरले, तर दिवसाला १५ किलोमीटरपेक्षा मोठा पल्ला आखणे शहाणपणाचे नाही.

या खोऱ्यातून नावेने समुद्र गाठण्याचा विचार पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झाला होता. वऱ्हाड १८५३ साली ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यावर येथील कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी योजना सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने पुढे आली. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे अभियंते ते हेच. मार्गात दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी येथे खडकांचे तीन अडथळे होते, ते बाजूने कालवे काढून ओलांडायचे होते. काम सुरू झाले, पण १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबहून फाटा काढला गेला आणि १८७१ मध्ये नदीमार्गाचे काम थांबवण्यात आले. वर्षातून मोजकेच महिने चालणारा जलमार्ग बारमाही रेल्वेपुढे टिकणे शक्य नव्हते. आजच्या प्रवाशाला त्या योजनेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे : त्या अभियंत्यांनी खडकांवर उपाय शोधला होता, ऋतूवर उपाय त्यांच्यापाशीही नव्हता.

नदी निर्मनुष्य दिसली तरी तिचा प्रत्येक डोह कोणाच्या तरी उपयोगाचा असतो. जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतात आणि काठावरच्या भोई समाजाला पात्रातील खडक, डोह आणि उतार कोणत्याही नकाशापेक्षा अधिक ठाऊक असतात. त्यांच्यापैकी कोणाला योग्य मोबदला देऊन सोबत घेतले, तर नियोजनातील निम्म्या शंका आपोआप मिटतात. मुक्कामासाठी पूररेषेच्या वरची जागा शोधताना ती शेतजमीन असण्याचीच शक्यता अधिक, म्हणून मालकाची परवानगी घ्यावी, आणि सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असल्याने चूल पेटवताना विशेष काळजी घ्यावी.

पहिल्या प्रवासात तीन-चार मुक्कामांत वाशीम-हिंगोलीच्या सीमेवर बाहेर पडणे योग्य. त्याही पुढे जायचे असेल, तर इसापूरचा विस्तीर्ण जलाशय, त्यानंतर सहस्रकुंडचा धबधबा आणि उमरखेड तालुक्यातील पैनगंगा अभयारण्य लागते. धबधब्याच्या कितीतरी आधी नदी सोडावीच लागते, आणि अभयारण्यात शिरण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वनविभागाची परवानगी लागते. हे वन किती जिवंत आहे, याचा पुरावा २०१९ मध्ये मिळाला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ पैनगंगा अभयारण्यासह अनेक जिल्हे ओलांडत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. ज्या पट्ट्यातून वाघ ये-जा करतो, तेथे रात्रीचा मुक्काम कोठे करावा, हे वनविभागानेच सांगावे.

शेवटच्या जागेची निवड पहिल्या जागेआधी करावी आणि ती पक्क्या रस्त्याच्या पुलाजवळ असावी. तिच्या अलीकडे आणखी दोन जागा अशा हेराव्यात, की पाणी घटले किंवा कोणी आजारी पडले तर तेथून बाहेर पडता येईल. परदेशी प्रवासवर्णने वाचून काही जण उपग्रहाद्वारे चालणारा दूरध्वनी सोबत नेण्याचा विचार करतात, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणे हा गुन्हा आहे. त्याऐवजी रोजचा पल्ला आणि मुक्कामाची गावे लिहिलेला कागद घरी, जवळच्या पोलीस ठाण्यात आणि गाडी घेऊन येणाऱ्या चालकाकडे ठेवावा, प्रत्येक गावाजवळ दूरध्वनी लागतो का हे तपासून निरोप द्यावा, आणि सर्पदंशावरील प्रतिविष कोणत्या ग्रामीण रुग्णालयात उपलब्ध आहे याची खात्री निघण्यापूर्वी करून घ्यावी. ठरलेल्या वेळेनंतर किती तासांनी शोध सुरू करायचा, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.