सात किलोंची गर्जना

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत उजाडायला लागले की हाऊलर माकडांचा गलका सुरू होतो. झाडीआडून नुसता आवाज ऐकणाऱ्याला हे कुणीतरी वाघाएवढे श्वापद असावे असेच वाटेल. काही किलोमीटरवरूनही ऐकू येणारी ही गर्जना करणारा नर भरतो मात्र सात किलोंच्या आसपास. आपल्याकडचा हुप्प्या वजनाने त्याच्या दुप्पट असू शकतो, पण खर्जात तो हाऊलरच्या जवळपासही पोहोचत नाही.

शरीर आणि आवाज यांचा हिशेब एरवी सरळ असतो. तंबोऱ्यात खर्जाची तार जाड असते, तसेच स्वरतंतूंचे: लांब, जाड स्वरतंतू सावकाश कंप पावतात आणि आवाज खाली उतरतो. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी या आवाजातल्या काही कंपनांना बळ देते, काहींना दाबते. पोकळी जितकी लांब, तितका तिचा अनुनाद खालचा. मोठ्या प्राण्याकडे दोन्ही गोष्टी मोठ्या, म्हणून त्याचा आवाज भारदस्त. ऱ्हीसस माकडांवरच्या १९९७च्या अभ्यासात टेकुमसे फिच यांना आढळले, की या पोकळीच्या अनुनादावरून माकडाच्या आकाराचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

या हिशेबाचे धाकटे टोक फिलिपाइन्समध्ये आहे. तिथला टार्सियर जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅमचा, मुठीत मावेल एवढा. तोंड उघडून तो ओरडताना दिसतो, पण कानावर काहीच पडत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याची हाक सुमारे ७० किलोहर्ट्झची भरली. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. इतका बारीक आवाज हवेत लवकर विरतो, म्हणजे दूरच्या शिकाऱ्याला सुगावा लागत नाही. फायदा खरा, पण मुळात एवढ्याशा गळ्यातून खर्ज निघणार तरी कुठून?

हाऊलरने तो काढला, आणि तो कसा हे पाहण्यासारखे आहे. जिभेच्या मुळाशी कंठास्थी नावाचे एक हाड असते. माणसात ते घोड्याच्या नालेच्या आकाराचे, नाजूक. हाऊलरच्या नरात ते फुगून पोकळ पेल्यासारखे झाले आहे आणि त्यात हवेची पिशवी बसते. शिवाय त्याचे स्वरतंतू माणसाच्या तिप्पट लांब. परिणामी त्याचा आवाज वाघ किंवा रेनडिअरच्या पट्टीत जातो. शरीर सात किलोंचे, बतावणी त्याच्या कित्येक पट मोठ्या देहाची!

पण या थापेची किंमत मोजावी लागते. जेकब डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हाऊलरच्या निरनिराळ्या जातींची तुलना केली. एकच नर आणि अनेक माद्या अशा टोळ्या करणाऱ्या जातींत कंठास्थी मोठे आणि वृषणे लहान निघाली. जिथे एका टोळीत अनेक नर राहतात, तिथे नेमके उलटे. पहिल्या प्रकारात इतर नरांना दुरूनच दटावून लांब ठेवायचे असते. दुसऱ्यात मादीशी अनेकांचा समागम होतो, त्यामुळे चढाओढ शुक्राणूंच्या पातळीवर चालते. गळा आणि वृषण, दोन्हींवर एकदम खर्च करणे बहुधा परवडत नसावे. मला तर या सगळ्या विषयातला सर्वांत मार्मिक निष्कर्ष हाच वाटतो.

गिबनची तऱ्हा निराळी. पाच-सात किलोंच्या या कपीने खर्जाचा नाद सोडून तार सप्तक धरले. भारतातला एकमेव कपी असलेला हुलॉक गिबन आसामात जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात ऐकायला मिळतो. तिथे नर-मादी जोडीने गातात. जपानमध्ये हिरोकी कोडा यांच्या गटाने पांढऱ्या हातांच्या एका गिबन मादीला हेलियम मिसळलेल्या हवेत गायला लावले. हेलियममध्ये ध्वनी वेगाने जातो, म्हणून पोकळीचा अनुनाद वर सरकतो. स्वरतंतूंची कंपने मात्र होती तिथेच राहिली. म्हणजे स्वरतंतू आणि पोकळी ही दोन स्वतंत्र यंत्रे. एरवी गिबन ती एकमेकांशी अचूक जुळवून घेते, म्हणून तिचा सूर इतका स्वच्छ आणि दूर जाणारा. पाश्चात्त्य ऑपेरातल्या सोप्रानो गायिका हेच तंत्र वर्षानुवर्षे घासून कमावतात.

ओरांगउटान तर शरीररचनेवरही विसंबून राहत नाहीत. धोका दिसला की ते चुंबनासारखा आवाज काढतात, आणि काही जण तोंडासमोर पाने धरून तो आणखी खाली उतरवतात.

असे खेळ माकडे, कपी आणि माणूस ज्यात येतात त्या प्रायमेट गणातच इतके का? २०२० साली प्रायमेट आणि मांसाहारी प्राण्यांच्या स्वरयंत्रांची स्कॅन करून तुलना झाली. शरीराच्या मानाने प्रायमेटांची स्वरयंत्रे मोठी निघाली, आणि त्यांच्यात बदलही अधिक वेगाने झालेला दिसला.

आपणही या बतावणीतून सुटलेलो नाही. पुरुष स्त्रीपेक्षा उंचीने थोडाच जास्त, पण आवाज जवळजवळ निम्म्या कंपनसंख्येचा. वयात येताना मुलांचे स्वरयंत्र वाढते आणि खाली सरकते, ते घसा फुटणे सर्वांच्या ओळखीचे. बोलण्यासाठी मात्र माणसाने गळ्यात काही वाढवण्याऐवजी कमी केले. ताकेशी निशिमुरा यांच्या गटाने २०२२ साली ४३ प्रायमेट जातींची स्वरयंत्रे तपासली. माणूस सोडून सगळ्यांच्या स्वरतंतूंवर एक पातळ पडदा होता. त्याच्यामुळे आवाज चढा निघतो, पण चटकन फाटतो. तो गेला आणि आपला सूर स्थिर झाला.

चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्याकडची हवेची पिशवीही आपल्याकडे नाही. ती गेली कधी, याचा थोडा माग त्या कंठास्थीतच मिळतो. इथिओपियात दिकिका इथे सापडलेल्या, सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकस या आदिमानवी गटातल्या बालकाचे हे हाड चिंपांझीसारखे फुगीर आहे, म्हणजे पिशवी तेव्हा असावी. इस्रायलमधल्या केबारा गुहेतल्या निअँडरथलचे, सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचे, हाड जवळजवळ आपल्यासारखेच आहे.