पेट्रोलच्या गाडीला विजेचा प्लग कशाला?

कॅनडात विनिपेगला हिवाळ्यात कितीतरी गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबताना दिसते, टोकाला प्लग असलेली. गाड्या तर पेट्रोलच्या!

उणे 30 अंशांत इंजिनवर चहूबाजूंनी संकट येतं. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं इंजिन ऑइल घट्ट होऊ लागतं आणि इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर ओसरतो, कारण तिच्यातल्या रासायनिक क्रिया मंदावतात. उणे 18 अंशांतच तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. त्यात पेट्रोलची वाफही नीट होत नाही.

म्हणून इंजिनच्या ब्लॉकमध्ये, कूलंटला भिडेल असा छोटा हीटर बसवतात. प्लग जोडला की कूलंट तापतं. गरम वर चढतं, गार खाली येतं आणि पंप बंद असूनही ऊब सगळ्या ब्लॉकभर पसरते. बॅटरीभोवती विजेवर तापणारं वेगळं वेष्टन गुंडाळतात.

हीटर रात्रभर चालू ठेवणं मात्र निव्वळ विजेची नासाडी. निघण्याआधी दोन ते चार तास पुरतात, म्हणून टायमर लावणंच शहाणपणाचं.