मुक्काम गुंजोटी

शास्त्रीय निबंध हाती आला की सारांशाआधी लेखकांच्या नावांखालचे पत्ते वाचावयाचे, ही माझी फार जुनी सवय. आणि फेराइट नामक चुंबकीय संयुगांच्या अतिसूक्ष्म कणांवरील निबंधांत त्या बारीक टाइपातून मराठवाड्याचा जो नकाशा उलगडत गेला, त्यानेच हा लेख लिहावयास मला प्रवृत्त केले. फेराइटांवर निबंध लिहिणाऱ्यांपैकी प्रा. के. एम. जाधव यांचा पत्ता आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचा. परंतु त्यांच्या सहलेखकांचे पत्ते निबंधामागून निबंध पाहत जावे, तो उमरगा तालुक्यातल्या गुंजोटीचे श्रीकृष्ण महाविद्यालय समोर येते.

निजामी अमलात जेथे उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली विज्ञानाचे अध्यापन उर्दूतून होई, त्या औरंगाबादेस हे स्वतःचे मराठवाडा विद्यापीठ लाभले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. पुढील इमारतींचा व अनुदानांचा इतिहास दप्तरात आहेच. मला ओढ आहे ती टेबलावरच्या चंचुपात्राची.

फेराइटाचे हे कण करावयाची कृती अशी: धातूंची नायट्रेटे ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून त्यांत सायट्रिक आम्ल घालावयाचे, सामू सातावर येईतो अमोनिया थेंबाथेंबाने सोडावयाचा, आणि हॉट प्लेटवर ते मिश्रण ढवळत बसावयाचे. काही तासांनी पाकासारखा दाट, चिकट जेल होतो; मग एका कडेला ठिणगी धरते, ती पाहता पाहता सर्वत्र पसरते, आणि पात्रात उरते ती फुलारलेली, हलकी राख. सायट्रिक आम्ल धातूंचे आयन सारखे विखुरलेले ठेवते आणि पुन्हा स्वतःच इंधन होते, ही या कृतीची खरी खुबी. ती राख भट्टीत तापवून क्ष-किरणांखाली ठेवली, की रेषेच्या रुंदीवरून कणाचे माप निघते: तांब्याच्या क्ष-किरणांत, ३५.५ अंशांजवळची रेषा उपकरणाचा दोष वजा जाता ०.४ अंश रुंद भरली, तर स्फटिककण सुमारे २१ नॅनोमीटरचा. हे माप काढण्याचे सूत्र शेरर या भौतिकशास्त्रज्ञाने मांडले १९१८ साली, म्हणजे उस्मानिया स्थापन झाले त्याच वर्षी.

या कृतीला महागड्या निर्वात यंत्रांची गरज नाही, म्हणून तिला दुय्यम लेखणारे विद्वान मी ऐकले आहेत. मला ते मत सर्वथा अमान्य आहे. आठवडाभर वर्ग घेऊन, उत्तरपत्रिका तपासून उरलेल्या वेळात ज्या अध्यापकाला संशोधन करावयाचे आहे, त्याच्या हाताला हीच कृती येते. आणि फेराइटातील लोहाच्या जागी क्रोमियमचा अंश थोडा थोडा वाढवीत चुंबकत्व कसकसे उतरते हे मोजण्याची चिकाटी कोणत्याही यंत्रासोबत विकत मिळत नाही.

छापील निबंधात मात्र जेल कधी पेटलाच नाही, भट्टी कोठे फार तापली, हे येत नाही. ते राहते प्रयोगवहीत, आणि अध्यापक निवृत्त झाला की वही रद्दीत जाते. मराठवाड्यातील महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, सेवापुस्तकाइतक्याच काळजीने या वह्याही दप्तरी दाखल करून घ्याव्यात.