भिगवणचे बारा आणि बोटीवरचे बारा

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या भिगवणमध्ये घड्याळात बारा वाजतात तेव्हा मध्यान्ह झालेली नसते. पटत नसेल तर अंगणात एक सरळ काठी रोवावी आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहावे. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला हे साधारण सव्वाबाराला घडते. फेब्रुवारीच्या मध्यावर हाच प्रयोग केला तर पावणेएक वाजतो. वर्षाची सरासरी काढली तर भिगवणची खरी मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर एकतीस मिनिटांनी येते.

हिशेब सोपा आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ ठरते ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून. भिगवण आहे पावणेपंचाहत्तर अंशांच्या जरासे पुढे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून पावणेआठ अंशांची एकतीस मिनिटे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे हा फरक वर्षभर थोडा मागेपुढे होतो एवढेच.

एवढे प्रास्ताविक एका वेगळ्याच कारणासाठी केले. हल्ली बारामती-इंदापूरकडची माणसे सिंगापूरच्या क्रूझला सर्रास जातात. निवृत्त शिक्षक, ऊस-द्राक्षांचे बागायतदार, मुलगा परदेशात आहे म्हणून निघालेली जोडपी. परत आल्यावर जेवणाचे कौतुक होते, पोहण्याच्या तलावाचे होते, आणि तिसरा विषय हमखास निघतो तो घड्याळाच्या घोळाचा. ‘अहो, मोबाइल एक सांगतो, खोलीतला फोन दुसरेच सांगतो, आणि इकडे सून विचारते, आई, तुमच्याकडे आत्ता किती वाजले!’ हा घोळ नवा वाटतो, पण भिगवणच्या वाटेवर तो दीडशे वर्षांपूर्वीच येऊन गेला. तेव्हा बोटीऐवजी आगगाडी होती.

पुण्याहून दौंड, भिगवणवरून पूर्वेकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत पोचला. पुढच्या वर्षी सोलापूर आणि १८७१ मध्ये रायचूर, जिथे मद्रासकडून आलेला लोहमार्ग त्याला मिळाला. (पुढे उजनीच्या पाण्यासाठी या भागातले रूळ हलवावे लागले. डिकसळचा जुना पूल मुळात रेल्वेचाच.) तोवर गावोगावी वेळ म्हणजे सूर्याची वेळ. मुंबईत बारा वाजत तेव्हा भिगवणात बारा वाजून आठ मिनिटे झालेली असत आणि मद्रासेत साडेबारा. बैलगाडीने जाणाऱ्याला याचे सुखदुःख नव्हते. गाडीच्या वेळापत्रकाला मात्र होते. प्रत्येक स्टेशनाने आपापल्या सूर्याप्रमाणे गाडी सोडायची ठरवली, तर एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे काय व्हायचे ते उघड आहे.

म्हणून १८७० च्या सुमारास रेल्वेने सगळीकडे एकच वेळ धरली, मद्रासची. मद्रास हे मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांच्या साधारण मधले, शिवाय तिथे वेधशाळा होती आणि तिथून तारेने रोज वेळ कळवता येई. झाले असे, की भिगवणच्या स्टेशनातले घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा बावीस मिनिटे पुढे चालू लागले. सूर्य पाहून निघालेल्या माणसाची गाडी चुकणार हे ठरलेलेच. तो प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत गाडी डिकसळच्या पुढे गेलेली असायची.

मुंबईकरांनी हे सहजासहजी मानले नाही. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी डिसेंबर १८८१ पासून सरकारी कारभाराला मद्रासवेळ लावली, तेव्हा शहरात एवढी आरडाओरड झाली की १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. रेल्वेने ती काही महिने आधीच उचलली होती. तरी मुंबई महापालिका आपल्या वेळेला चिकटून राहिली. गिरणी कामगारांचाही रोष होता, कारण घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे केले की भोंगा तेवढाच आधी, म्हणजे अंधारात वाजणार. पालिकेची ‘बॉम्बे टाइम’ थेट १९५० च्या दशकापर्यंत टिकली. त्या काळात भिगवणहून गाडीने बोरीबंदरला उतरलेला माणूस रस्ता ओलांडून समोर पालिकेच्या कचेरीत गेला, की त्याचे घड्याळ एकोणचाळीस मिनिटांनी चूक ठरायचे. वर दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, सरकारने देशाची सगळी घड्याळे एक तास पुढे ढकलली होती ती वेगळीच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणींत ‘जुनी वेळ, नवी वेळ’ असे शब्द येतात ते या सगळ्या गोंधळातून.

भिगवणच्या रेल्वेमार्गावर आणखी एक गंमत आहे. ग्रीनिच १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत जगाचे शून्य रेखांश ठरले. त्याआधी शेकडो वर्षे आपल्या ज्योतिषांचे शून्य उज्जैनवरून जात होते. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी ती मध्यरेषा. ही रेषा उज्जैनहून दक्षिणेकडे आणली तर सोलापूरची गाडी मोहोळ सोडल्यावर, सोलापूर यायच्या आधी ती ओलांडते. कुणी खिडकीतून बाहेरही पाहत नाही! भिगवण त्या रेषेच्या एक अंश पश्चिमेला, म्हणजे चार मिनिटे, म्हणजे जुन्या मापाने दहा पळे मागे. या फरकाला पंचांगकर्ते देशांतर म्हणत आणि गावागावाचे गणित करताना ते मिळवत किंवा वजा करत. आर्यभटाने लिहून ठेवले आहे, की लंकेत सूर्योदय होतो तेव्हा यमकोटीला मध्यान्ह, सिद्धपुराला सूर्यास्त आणि रोमकाला मध्यरात्र असते. वेळ ही जागेची असते, हे आपल्याकडे बोटीत न बसताही माहीत होते. आजही संकष्टीला कॅलेंडरात मुंबईचा चंद्रोदय वेगळा आणि नागपूरचा वेगळा छापतात तो याच कारणाने.

आता बोटीकडे वळू. मुंबईहून एडनला निघालेल्या जुन्या आगबोटीला पाच-सहा दिवस लागत. दोन्ही बंदरांच्या सूर्यवेळांत जवळजवळ एक तास एक्कावन्न मिनिटांचे अंतर. म्हणजे पश्चिमेकडे जाणाऱ्या बोटीवरचा दिवस रोज वीसेक मिनिटांनी लांबायचा. अधिकारी दुपारी सेक्स्टंटने सूर्याची सर्वांत जास्त उंची मोजत आणि बोटीची घड्याळे त्या मध्यान्हीशी जुळवून घेत. एक घड्याळ मात्र हात न लावता ठेवलेले असे, ते क्रोनोमीटर. त्याला ग्रीनिचची वेळ. बोटीवरची मध्यान्ह आणि ग्रीनिचची वेळ यांतला फरक म्हणजेच बोटीचा रेखांश. मुंबईच्या गोदीत ठरल्या क्षणी खाली पडणारा टाइम बॉल असे, तो पाहून खलाशी क्रोनोमीटर तपासत. वेळ देणारी वेधशाळा होती कुलाब्याची, १८२६ सालची. वेळ चार सेकंदांनी चुकली तर विषुववृत्तावर बोट एका सागरी मैलाने चुकते, त्यामुळे हा थाटमाट नव्हता.

रोज असा बदल करणे बोटी एकमेकींशी बिनतारी यंत्राने बोलू लागल्यावर गैरसोयीचे झाले. १९१७ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंचांनी मिळून समुद्राचे पंधरा-पंधरा अंशांचे पट्टे पाडले आणि एका पट्ट्यात एक वेळ ठरवली. आज खुल्या समुद्रात हेच चालते. पण घड्याळ कधी हलवायचे हे कप्तान ठरवतो. किनाऱ्यावर संसद वेळ बदलते, बोटीवर तो अधिकार एका माणसाकडे आहे. मालवाहू बोटींवर काम केलेले आपल्याकडचे लोक एक न्यायाची पद्धत सांगतात. रात्री घड्याळ तासभर मागे घ्यायचे असेल तर पहाऱ्याच्या तीन पाळ्यांत प्रत्येकी वीस-वीस मिनिटे वाटून देतात. एकाच पाळीच्या माथी तासभर जास्तीचे उभे राहणे येत नाही. न्याय म्हणावा तर असा.

प्रवासी क्रूझवर सहसा रात्री दोन वाजता घड्याळ हलते. आदल्या संध्याकाळी खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर ठळक सूचना असते, ध्वनिक्षेपकावरूनही सांगतात. अटलांटिक पार करणारी ‘क्वीन मेरी २’ पश्चिमेकडे जाताना रात्री घड्याळ मागे घेते आणि सगळ्यांना तासभर जास्त झोप मिळते. पूर्वेकडे येताना मात्र ते भर दुपारी बाराचे एक करते, कारण रात्री तास खाल्ला तर प्रवासी आणि कर्मचारी दोघेही पेंगत उठतील. काही कंपन्यांच्या लिफ्टमधल्या पायपुसण्यांवर रोज वार लिहिलेला असतो, ‘सोमवार’, ‘मंगळवार’ अशी रोज बदलणारी जाजमे. चार दिवस समुद्राशिवाय काही न दिसल्यावर वार विसरतो, त्याची ही सोय.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची, फार तर कोलंबो करणाऱ्याने घड्याळाला हातही लावायला नको. श्रीलंकेची वेळ आपलीच आहे. मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. खरी मेख सिंगापूर-पेनांग-फुकेत या लोकप्रिय सहलीत आहे. सिंगापूर आणि मलेशिया यांची वेळ एक, थायलंडची त्यांच्यापेक्षा एक तास मागे. बोट मात्र बहुतेकदा सिंगापूरचीच वेळ धरून ठेवते. फुकेतला छोट्या होडीतून किनाऱ्यावर उतरलात की मोबाइलला थायलंडचे नेटवर्क मिळते आणि तो न विचारता एक तास मागे जातो. बोटीने परत यायची वेळ पाच सांगितली आहे. मोबाइलमध्ये पावणेचार वाजले आहेत, म्हणून आपण निवांतपणे आणखी एका दुकानात शिरतो. बोटीवर तेव्हा पावणेपाच झालेले असतात. बोट थांबत नाही. बंदराचे भाडे आणि पुढच्या बंदरातली जागा यांचे तिचे गणित पक्के असते, आणि राहिलेल्याने पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठायचे.

यावर उपाय एकच, आणि तो मला मोबाइलपेक्षा भरवशाचा वाटतो: मनगटावर साधे काट्यांचे घड्याळ बांधावे, ते बोटीच्या वेळेला लावावे आणि बोट सोडेपर्यंत त्याला दुसरे काही शिकवू नये. मोबाइलची वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करून तीही हाताने लावता येते, पण ती पुन्हा चालू होण्याला कितीतरी निमित्ते असतात. खाली उतरताना जिन्यापाशी परतीच्या वेळेची पाटी असते. तिचा फोटो काढून ठेवावा आणि ‘ही बोटीची वेळ ना?’ एवढे विचारून घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या, इन्शुलिन घेणाऱ्यांनी निघायच्या आधीच डॉक्टरांकडून बोटीच्या वेळेप्रमाणे तक्ता करून आणावा. चार-पाच तासांचा फरक पडणाऱ्या सहलीत हे फार महत्त्वाचे आहे.

घरून परदेशी फोन करण्याच्या हिशेबात मात्र आपला साडेपाच तासांचा विचित्र आकडा एकदा उपयोगी पडतो. काट्यांचे घड्याळ भारतीय वेळेला लावून उलटे धरले, बारा खाली आणि सहा वर, की ग्रीनिचची वेळ दिसते. सकाळचे नऊ वाजले असतील तर उलटे धरल्यावर साडेतीन वाचता येतात. तासकाटा किंचित चुकीच्या जागी दिसतो, पण अंदाज पक्का. लंडनला हिवाळ्यात हीच वेळ असते, उन्हाळ्यात तास मिळवायचा. भिगवणमधल्या आजीला नातवाला मध्यरात्री उठवायचे नसेल, तर हा खेळ तिला पाच मिनिटांत शिकवता येतो.

तासांचा घोळ असा आवरतो, दिवसाचा नाही. १५२२ च्या जुलैत मॅगेलनच्या मोहिमेतले वाचलेले लोक पश्चिमेकडून जगाला वळसा घालून केप व्हर्द बेटांशी पोचले. त्यांच्या हिशेबाने बुधवार होता, किनाऱ्यावरचे लोक गुरुवार सांगत होते. रोजनिशीत एकही दिवस चुकलेला नव्हता. सूर्याच्या मागे मागे जाताना त्यांचा प्रत्येक दिवस थोडा लांबला होता आणि त्या तुकड्यांचा मिळून एक दिवस झाला होता. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलियस फॉग उलट दिशेने गेला म्हणून त्याला दिवस फावला. त्याचा नोकर पासपार्तू आपले घड्याळ लंडनच्याच वेळेला ठेवून जगभर हट्टाने फिरला. फॉगही मुंबईहून याच ग्रेट इंडियन पेनिन्शुलाच्या गाडीने निघाला होता, फक्त त्याची वाट भुसावळची.

आता पॅसिफिक ओलांडणाऱ्या बोटींवर आंतरराष्ट्रीय वाररेषा आली की हा दिवस एका रात्रीत मिळतो किंवा जातो. अमेरिकेकडून ऑस्ट्रेलियाकडे जाताना एक तारीख गळते, उलट येताना तीच तारीख दोनदा येते. तिथे एखाद्या मराठी कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो: तारीख दोनदा आली तर एकादशीही दोनदा करायची का? तर नाही. तारीख आणि वार हे माणसांनी रेषा आखून ठरवलेले, तिथी ठरते ती चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावरून. दर बारा अंशांना एक तिथी, आणि तिची सुरुवात भिगवणला, फिजीला आणि भर समुद्रातल्या बोटीवर एकाच क्षणी होते. जागेप्रमाणे बदलतो तो सूर्योदय, आणि उपवास कोणत्या दिवशी धरायचा ते त्या सूर्योदयावरून ठरते. बोटीवरचा सूर्योदय कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. त्यावेळी कोणती तिथी चालू आहे ते भारतीय वेळेच्या पंचांगात बोटीचा फरक मिळवून पाहायचे. दोनदा आलेल्या तारखेतल्या एका दिवशी साबुदाण्याची खिचडी, आणि दुसऱ्या दिवशी बुफे खुशाल मोकळा.